बिनआकारी माणूस आणि हिन्नोमचे खोरे

चेन्नईच्या उत्तरेस, गुम्मिडीपूंडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जेथे कोसस्थलैयार नदी आणि बकिंगहॅम कालवा यांचे पाणी एकत्र येऊन समुद्राच्या मुखाशी खाडीच्या रूपाने पसरते, तेथे एन्नोर नावाचे गाव आहे. कोळी, मिठागरे आणि खाजणातली कोळंबी ही त्याची जुनी ओळख. परंतु स्वातंत्र्यानंतर येथे मोटारींचा कारखाना निघाला, १९७० च्या सुमारास औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी उभी राहिली, त्यामागून खाडीच्या पलीकडे दुसरे मोठे वीजकेंद्र आले, २००१ साली मुख्यतः कोळसा उतरविण्यासाठी नवे बंदर खुले झाले, आणि या सर्व भरभराटीचे जे उच्छिष्ट उरले, म्हणजे नळांच्या गळतीतून पाण्यात उतरणारी राख, ते खाडीच्या तळाशी थरांवर थर साचू लागले. ज्या पाण्यात उभे राहून मनुष्य हाताने कोळंबी वेचीत असे, त्याच पाण्यात आज त्याचे पाय राखेच्या गाळात रुततात. १९९६ च्या सरकारी नकाशात जी खाडी म्हणून दाखविली होती, तिचा मोठा भाग पुढील नकाशात दिसेनासा झाला, अशी येथील मच्छीमारांची तक्रार आहे.

या गावाच्या निमित्ताने २०१७ साली तमिळ मुलखात एक शब्द पुन्हा चर्चेत आला. कर्नाटक संगीतातील विख्यात गायक टी. एम. कृष्णा यांनी त्या वर्षाच्या जानेवारीत एन्नोरच्या खाडीत उभे राहून, राखेच्या आणि धुरांड्यांच्या पार्श्वभूमीवर, कबेर वासुकी यांनी रचलेले एक गीत गाइले. त्या गीताचा विषय ‘पोरंबोक्कु’ हा होता. मद्रास इलाख्याच्या जमाबंदीत या शब्दाचा अर्थ अगदी कोरडा आहे: ज्या जमिनीवर सारा बसत नाही, जी कोणाच्या खात्यावर नाही, तळ्याचे पोट, गायरान, स्मशान, वाट, नदीचे पात्र, अशी आकारणीच्या बाहेर राहिलेली जागा. आपल्याकडील मुलकी दप्तरात तिला बिनआकारी म्हणतात. परंतु ज्या जमिनीपासून सरकारास दमडीची प्राप्ती नाही ती निरुपयोगी, आणि निरुपयोगी जमिनीसारखा जो मनुष्य तोही पोरंबोक्कु, असा अर्थाचा उतार होत होत आज तो शब्द तमिळ बोलीतील एक रोजची शिवी झाला आहे. सर्वांच्या मालकीचे जे होते, तेच शिवीस पात्र ठरले. अपमानाचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर याहून सुबोध उदाहरण प्रस्तुत लेखकास माहीत नाही. कारण शिवी ही मूलतः एक आकारणी असते. समोरच्या माणसाची प्रत लावून, त्याची किंमत शून्य असा शेरा मारण्याचा अधिकार बोलणारा परस्पर आपल्याकडे घेत असतो.

ख्रिस्ती धर्मग्रंथात नेमका याच अधिकाराचा विचार एके ठिकाणी केला आहे, आणि तो इतक्या कठोरपणे केला आहे की सुबुद्ध वाचकही तेथे क्षणभर अडखळतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचन म्हणून जो भाग प्रसिद्ध आहे त्यात, येशू प्रथम खून करू नये या जुन्या आज्ञेचा उल्लेख करतो, आणि मग त्या आज्ञेची कक्षा आपल्या अधिकाराने वाढवीत नेतो. आपल्या भावावर रागावणारा न्यायसभेपुढे जाबास पात्र होईल. त्याला रिकाम्या डोक्याचा म्हणून हिणविणारा वरिष्ठ सभेपुढे, म्हणजे यरुशलेमेच्या सर्वोच्च इजलासापुढे, पात्र होईल. आणि त्याला मूर्ख म्हणणारा अग्नीच्या गेहेन्नास पात्र होईल, असा त्या वचनाचा मथितार्थ आहे. गुन्हा उत्तरोत्तर क्षुल्लक आणि शिक्षा उत्तरोत्तर भयंकर, अशी ही उलटी उतरंड पाहून कोणासही प्रश्न पडावा की, वर्गात पोरांना दिवसातून दहादा मूर्ख म्हणणाऱ्या आमच्या जुन्या पंतोजींची वाट काय? मनातल्या रागाची दाद तर कोणत्याही मामलेदाराच्या कचेरीत लागत नाही, मग राग हा कोर्टाचा विषय व्हावा कसा?

या प्रश्नांची उत्तरे देताना प्रथम एक सोपी वाट बंद करून घ्यावी लागते. ही वाट म्हणजे या वचनाला शब्दांची एक वर्ज्य यादी समजणे. तसे असते तर स्वतः वक्ताच आपल्या कायद्यात सापडला असता. कारण त्याच शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात तो शास्त्री आणि परूशी यांना मूर्ख आणि आंधळे असे स्पष्ट संबोधतो, आणि मूळ ग्रीक ग्रंथात तेथे आलेला शब्द हाच आहे. पौलही गलतीच्या मंडळीस बुद्धिहीन म्हणण्यास कचरला नाही. दुसरी पळवाट प्राचीन लेखनिकांनीच काढून ठेवली होती: रागावणाऱ्याच्या आधी ‘विनाकारण’ असा शब्द पुष्कळ हस्तलिखितांत आढळतो; परंतु चौथ्या शतकातील व्हॅटिकनच्या प्रसिद्ध प्रतीत तो नाही. कोणा सहृदय नकलकाराला मूळ वचनाचा चटका सोसला नसावा आणि त्याने ही फट पाडली असावी, असे ग्रंथसंशोधक मानतात. आणि एकदा ती फट पडली म्हणजे सारे जग तिच्यातून सुखाने निसटते, कारण विनाकारण रागावलो असे आजवर कोणत्या माणसाने कबूल केले आहे?

तेव्हा वचनाचा रोख शब्दावर नसून त्या शब्दामागच्या आकारणीवर आहे असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. त्याचा पाया जुन्या कराराच्या पहिल्याच पानावर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाने घडविला असे सांगितले आहे, आणि त्याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात मनुष्यवध निषिद्ध का, याचे कारणही हेच प्रतिरूप म्हणून दिले आहे. खून वाईट तो केवळ प्राण जातो म्हणून नव्हे, तर जे देवाचे आहे त्याचा विध्वंस होतो म्हणून. आणि एकदा हे मान्य केले की खून व शिवी यांतील अंतर प्रकाराचे न राहता प्रमाणाचे उरते. जिभेनेच देवाची स्तुती करावयाची आणि त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसांस शाप द्यावयाचे, ही विसंगती याकोबाच्या पत्रात अशीच बोलून दाखविली आहे. यहुदी गुरूंनीही हाच विचार आपल्या पद्धतीने मांडला. जो आपल्या शेजाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा करतो त्याने जणू रक्तच सांडले, कारण लाजेने माणसाचा चेहरा पांढरा फटक पडतो, असे तालमुदात म्हटले आहे. आणि गेहेन्नात उतरून जे वर येत नाहीत अशा तिघांमध्ये शेजाऱ्याची अब्रू घेणारा आणि त्याला टोपणनावाने हिणविणारा या दोघांची गणना तेथे केलेली आहे. आरंभी देवाने एकच मनुष्य का निर्माण केला, तर माझा बाप तुझ्या बापाहून थोर असे कोणी कोणास म्हणू नये म्हणून, हे मिश्नाचे स्पष्टीकरणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. येशू या परंपरेच्या बाहेरून बोलत नव्हता. त्या परंपरेतील एका धारदार सुराला त्याने अधिक धार दिली, इतकेच.

मराठी वाचकाला येथे पैठणचे नाथ आठवणे स्वाभाविक आहे. गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या एकनाथांच्या अंगावर एक मनुष्य पुनःपुन्हा थुंकत राहिला आणि नाथ पुनःपुन्हा शांतपणे नदीकडे वळले, ही आख्यायिका आमच्या घराघरांत सांगितली जाते, आणि तिचे तात्पर्य अपमान सोसणाऱ्याच्या शांतीत आहे. डोंगरावरील प्रवचनातही सोसण्याची शिकवण आहेच, गालावर चापट मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याचा प्रसंग त्याच अध्यायात पुढे येतो; परंतु ज्या वचनाचा आपण विचार करीत आहो तेथे न्यायासनासमोर उभा केलेला आरोपी थुंकणारा आहे, ज्याच्यावर थुंकले गेले तो नव्हे. हा फरक लहान नाही. आमच्या कायद्यानेही अपमानाची दखल घेतली, पण ती निराळ्या हेतूने. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ५०४ वे कलम हेतुपुरस्सर केलेल्या अपमानास शिक्षा सांगे ती त्यामुळे शांतताभंग घडू शकतो म्हणून. सरकारास चिंता रस्त्यावरील दंग्याची होती, दुखावलेल्या माणसाच्या मोलाची नव्हे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जातीजमातींच्या माणसाचा लोकांच्या नजरेसमोर मानहानीच्या हेतूने केलेला अपमान हाच स्वतंत्र गुन्हा ठरविला, तेव्हा कोठे हे मोल कलमांच्या भाषेत शिरले. येशूच्या वचनाला पोलीस नाही आणि पंचनामा नाही. ते रागाला आणि शिवीला कोर्टात ओढते ते माणसाला असे वाटावे म्हणून की, जेथे साक्षीदार नव्हता तेथेही आपली फिर्याद नोंदली गेली आहे.

पुढचाच भाग मोठा व्यवहारी आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेला असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करून यावे. आणि वादी बरोबर असता कोर्टाच्या वाटेवरच त्याच्याशी तडजोड करावी, नाहीतर शेवटची दमडी फिटेपर्यंत तुरुंगातून सुटका नाही, असे त्यात सांगितले आहे. या ओळींचे तमिळ भाषांतर ज्याने केले त्या योहान फिलिप फाब्रिशियस या जर्मन धर्मोपदेशकाची कथा विलक्षण आहे. १७४२ साली तो मद्रासेत आला, वेपेरीच्या मिशनात त्याने आपले आयुष्य वेचले, आणि पाँडिचेरीच्या फ्रेंचांकडून १७६१ साली हाती आलेल्या छापखान्यावर त्याची तमिळ पुस्तके निघाली. परंतु पैशाच्या व्यवहारात गुरफटून म्हातारपणी हा भाषापंडित कर्जापायी खरोखरच तुरुंगात गेला आणि १७९१ साली मरण पावला. त्याच्या जागी आलेल्या गेरिकेच्या हाताखाली तंजावरचा मराठी राजपुत्र सरफोजी पुढे काही काळ शिकला. राज्यावर आल्यावर या सरफोजीने आपला पालक व गुरू श्वार्ट्झ याचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. स्वतः मात्र तो आपल्या कुलधर्मापासून ढळला नाही, आणि गुरूवरील त्याच्या भक्तीस त्यामुळे काही उणेपणा आला नाही.

आता गेहेन्नाकडे वळू. मराठीत नरक म्हटले की रौरव, कुंभीपाक, तापलेले तेल आणि यमदूत अशी पुराणांतील चित्रे डोळ्यांपुढे येतात, परंतु गेहेन्ना हे आरंभी एका खऱ्याखुऱ्या जागेचे नाव होते. यरुशलेमच्या दक्षिणेस हिन्नोमचे खोरे म्हणून एक दरी आहे. तेथे तोफेथ या ठिकाणी लोक आपली मुले मोलख या देवतेप्रीत्यर्थ अग्नीत होमीत, योशीया राजाने ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार बंद पाडला, आणि यिर्मया संदेष्ट्याने या खोऱ्याला पुढे वधाचे खोरे म्हणतील असे भाकीत केले. येशूच्या काळी तेथे नगराचा कचरा अहोरात्र जळत असे, ही जी गोष्ट उपदेशपीठांवरून हमखास सांगितली जाते तिला प्राचीन आधार मिळत नाही. ती प्रथम १२०० च्या सुमारास दाविद किम्ही या यहुदी भाष्यकाराच्या लेखनात दिसते. कचऱ्यापेक्षा मुलांच्या बळीची स्मृती अधिक भयानक आहे, आणि प्रस्तुत विषयाशी अधिक जुळणारीही आहे. कारण ज्या ठिकाणी माणसाच्या जिवाची किंमत शून्य धरली गेली, त्या ठिकाणाचे नाव माणसाची किंमत शून्य धरणाऱ्याच्या शिक्षेला मिळाले.

नव्या करारात हा शब्द बारा वेळा येतो. त्यांतील अकरा वेळा तो येशूच्या तोंडी आहे, सात वेळा मत्तयात, तीनदा मार्कात आणि एकदा लूकात, आणि बारावा याकोबाच्या पत्रात जिभेसंबंधी आहे: जीभ गेहेन्नाच्या अग्नीने पेटलेली असते, असे तेथे म्हटले आहे. पौलाच्या पत्रांत तो एकदाही नाही. हे अकरा उल्लेख कोणास उद्देशून आहेत ते तपासून पाहिले तर बाजारात उभे राहून परधर्मीयांना नरकाची भीती घालणाऱ्या उपदेशकाची मोठी पंचाईत होते. कारण ते जवळजवळ सर्व शिष्यांना किंवा धर्माचे मक्तेदार समजल्या जाणाऱ्या शास्त्री-परूशांना उद्देशून आहेत. हा शब्द नसलेल्या ठिकाणीही तोच सूर आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या दृश्यात अग्नीकडे जे पाठविले जातात त्यांच्यावर कोणत्या मताचा स्वीकार केला नाही असा ठपका नाही. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याकडे त्यांनी पाहिले नाही, एवढाच तो आहे. लूकातील श्रीमंत मनुष्य जाळात तळमळतो तो दारात पडलेला लाजर त्याला दिसत असूनही दिसला नाही म्हणून.

आणि बोलणारा स्वतः कोणत्या ठिकाणचा होता? नासरेथातून काही चांगले निघू शकते काय, असा प्रश्न त्याच्याविषयी त्याला भेटण्याआधीच विचारला गेला होता, आणि उत्तर चेन्नईत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना त्या प्रश्नाचा स्वर चांगला ओळखीचा वाटेल. शहराच्या दक्षिणेकडील माणूस गावाचे नाव ऐकून किंचित थांबतो, तो थांबा. पुढे त्याला जांभळे वस्त्र व काट्यांचा मुकुट घालून शिपायांनी त्याची टवाळी केली, त्याच्यावर थुंकले, आणि नगराच्या वेशीबाहेर नेऊन ठार केले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने हे ‘बाहेर’ फार मनावर घेतले आहे: त्याची अप्रतिष्ठा सोशीत आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ, असे आवाहन त्यात आहे. आकारणीच्या बाहेर टाकलेल्या जागीच देव सापडतो, ही ख्रिस्ती धर्माची मूळची धारणा आहे, मग नंतरच्या देवळांवर सोन्याचे कितीही कळस चढोत.

या दोन धारणा, माणसाचे अमोल मोल आणि नरकाची शिक्षा, एकमेकींत कशा बसवाव्यात याविषयी मंडळीतील थोर आचार्यांत प्रथमपासून मतभेद आहेत. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात निस्साच्या ग्रेगरीने गुलामगिरीवर जो हल्ला चढविला तो प्राचीन वाङ्मयात जवळजवळ एकाकी आहे. देवाच्या प्रतिरूपाचा सौदा करताना तुम्ही किती दमड्या ठरविल्या, विक्रीखत कोणत्या दराने लिहिले, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता, कारण त्याच्या मते सारे जगही एका आत्म्याच्या मोबदल्यास पुरे पडणार नाही. आणि हाच ग्रेगरी असे मानीत होता की, नरकाचा अग्नी सोन्यातील हीण जाळण्यासाठी आहे आणि शेवटी प्रत्येक जीव शुद्ध होऊन देवाकडे परत येईल. त्याच्यापूर्वी ओरिगेनने तीच आशा मांडली होती आणि सहाव्या शतकात त्याच्या मतांवर धिक्काराचा शिक्का बसला. पश्चिमेकडे ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात शाश्वत शिक्षेचा जोरदार पुरस्कार केला, आणि ज्यांना ती असह्य वाटे त्यांना त्याने आमचे कनवाळू लोक असे काहीशा थट्टेने म्हटले. पुढील शतकांवर ऑगस्टीनचाच अंमल चालला. तथापि पूर्वेकडील मंडळीत दुसरा सूर जिवंत राहिला. आजच्या कतारच्या बाजूस जन्मलेला सातव्या शतकातील निनवेचा इसहाक म्हणे की, नरकात पडलेले जीव देवाच्या प्रेमाला मुकतात ही समजूतच चुकीची. ज्या प्रेमाशी आपण प्रतारणा केली त्याचीच तेथे वेदना होते. इसहाकाची ही पूर्वेची मंडळी आपल्याला परकी नाही. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ साली पोर्तुगीजांना जो पहलवी लेखाचा क्रूस सापडला तो याच पूर्वेकडील परंपरेची खूण समजला जातो.

आपल्या लोकांनी हा प्रश्न केवळ ऐकून घेतला नाही. बुंदेलखंडातील एका चित्पावन कुटुंबात १८२५ साली जन्मलेले आणि काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे यांनी ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांच्या आक्षेपांतील एक अत्यंत मर्मभेदी होता: मर्यादित आयुष्यात केलेल्या मर्यादित पापासाठी अमर्याद शिक्षा देणाऱ्या ईश्वराला न्यायी कसे म्हणावे? पुनर्जन्माच्या सिद्धान्तात पापाची भरपाई होऊन खाते बंद होते; येथे खाते कधीच बंद होत नाही. हेच शास्त्री १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले, आणि त्यांचे उर्वरित आयुष्य शंका आणि श्रद्धा यांच्या ओढाताणीत गेले. आक्षेप घेणारा आणि उत्तर देणारा एकाच देहात नांदला, ही घटना वादविवादाच्या शेकडो पुस्तकांहून अधिक बोलकी आहे. गोऱ्यांच्या आक्षेपाला पूर्ण समाधानकारक उत्तर मिळाले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मात्र एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते, ती अशी की, ज्या वचनात नरकाची धमकी दुसऱ्यास तुच्छ लेखणाऱ्यास दिली होती, तेच वचन बाळगणाऱ्यांनी परधर्मीयास नरकाचा धनी म्हणून तुच्छ लेखावे, यात धमकीचा रोखच उलटा फिरविला गेला. तू नरकात जाशील, हे वाक्य स्वतःच एक शिवी आहे, आणि ती उच्चारणारा मत्तयाच्या पाचव्या अध्यायात कोणत्या पायरीवर उभा राहतो ते त्यालाच कळले पाहिजे.

याहून कठीण कसोटी मंडळीच्या आतच लागली, आणि ती एन्नोरपासून काही मैलांवर, त्याच वेपेरीत लागली. तमिळ मुलखातील जुन्या लुथरन मंडळ्यांत वेल्लाळ जातीचे आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई ते ख्रिस्ती एका छपराखाली पण निरनिराळ्या जागी बसत, आणि प्रभुभोजनाचा प्याला कोणाच्या ओठांस आधी लागावा यावर क्रम ठरलेला असे. आरंभीच्या मिशनऱ्यांनी ही तडजोड काळावर सोपवून चालवून घेतली होती. १८३३ च्या जुलैमध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी परिपत्रक काढले की, मंडळीतील जातिभेद निश्चितपणे, ताबडतोब आणि कायमचा टाकून दिला पाहिजे. परिणाम असा झाला की वेपेरीतील वेल्लाळ ख्रिस्ती मोठ्या संख्येने मंडळी सोडून गेले, आणि तंजावरातही तसेच घडले. तेथे सरफोजीचा बालपणीचा सहाध्यायी, तमिळ ख्रिस्ती कवींचा मुकुटमणी वेदनायगम शास्त्री, आधीपासूनच मिशनऱ्यांच्या या धोरणाविरुद्ध लेखणी चालवीत होता. त्याच्या पदांतून ओथंबणारी भक्ती खोटी होती असे कोणी म्हणू नये. त्रैक्य, अवतार, पुनरुत्थान हे सारे त्याने मान्य केले होते. शेजारच्या माणसाचा प्याला तेवढा मान्य झाला नाही. बिशपांच्या परिपत्रकाची भाषाही हुकमी होती, आणि ज्यांच्यासाठी ती काढली त्या दलित ख्रिस्त्यांची मते त्या गदारोळात कोणी विचारल्याचे दिसत नाही. तमिळ मंडळ्यांत वेगळ्या दफनभूमीवरून होणारे तंटे अजूनही अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात.

याच शिकवणीचा दुसरा, अधिक आशादायक परिणाम पाहावयाचा असल्यास पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाकडे जावे लागते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींकडे राहत असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एका आश्रमात नेण्यात आले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय दिला जाई. ज्यांचे नाव घेणेही सभ्य घरांत अशुभ मानले जाते त्या स्त्रियांशी या भगिनी अशा प्रेमाने कसे वागतात, असा प्रश्न रमाबाईंनी केला, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. परक्या जातीची, अनेक पती केलेली, भरदुपारी एकटीच विहिरीवर आलेली ती स्त्री. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिचे आयुष्य तिच्यापुढे मांडतो, आणि एकही शिवी न देता तिच्याशी ईश्वरोपासनेसारख्या गहन विषयावर बोलतो. आपला विचार तेथे बदलला असे रमाबाई सांगतात. चमत्कारांनी किंवा नरकाच्या भयाने बदलला असे त्या म्हणत नाहीत. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळात सापडलेल्या मुलींबरोबरच अशा टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन काढले. आणि संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम अखेरच्या वर्षांपर्यंत हाती धरले. १९२२ साली त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर आला.

नरक आहे काय, असल्यास किती काळ आणि कोणासाठी, याविषयी ख्रिस्ती पंथोपपंथांत आजही एकवाक्यता नाही. सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकाने १९४० साली असे मत मांडले की नरकाचे दार आतूनच लावून घेतलेले असते, आणि रोमन कॅथलिक मंडळीची अलीकडची शिकवणही नरकाला देव जेथे ढकलतो अशी जागा न मानता माणसाने आपणहून पत्करलेली कायमची ताटातूट असे मानण्याकडे झुकते. या मंडळीच्या दप्तरी एक विषमता मात्र पहिल्यापासून चालत आलेली आहे. स्वर्गात पोहोचलेल्यांची नावे ती चौकशी आणि साक्षीपुरावा यांच्या रीतसर कारवाईनंतर जाहीर करते, आणि अशा संतांची यादी हजारोंच्या घरात गेली आहे. परंतु अमुक एक मनुष्य नरकात आहे असा फैसला, यहूदा इस्कर्योताविषयीसुद्धा, तिने आजवर एकदाही अधिकृतपणे दिलेला नाही. दान्तेने आपल्या महाकाव्यात पोपांनाही तेथे उलटे गाडून ठेवले खरे, पण ती कवीची मुखत्यारी झाली.